लांबच्या फ्रेम नीट, जवळच्या पातळ: मीडियम फॉरमॅटवर क्लोजअप घेताना एक्स्पोजर का चुकतं

गणपतीला गावी आलेल्या मंडळींचे रोल साधारण ऑक्टोबरात धुऊन येतात आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारला जातो. "दादा, खाडीच्या, देवळाच्या, पडवीतल्या फ्रेम झकास आल्यात. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, फुलं मात्र प्रकाश कमी पडून सगळी अंडर. मीटर तोच, फिल्म तीच. मग बिघडलंय काय?" कॅमेरा विचारला तर बहुतेक वेळा मामिया आरबी ६७, नाहीतर मामिया सी ३३०, नाहीतर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी नळी) लावलेला हॅसलब्लाड. म्हणजे ज्यात लेन्स फिल्मपासून बरीच पुढे जाते आणि मीटर मात्र वेगळा, हातातला किंवा फोनमधला असतो, असे मीडियम फॉरमॅट, म्हणजे पस्तीस मिलिमीटरहून रुंद फिल्मवरचे, कॅमेरे.

या वर्णनात बसणाऱ्या दहापैकी बहुतेक रोलमध्ये कॅमेरा धडधाकट असतो. लेन्स पुढे गेल्यामुळे कमी झालेला प्रकाश कुणी हिशेबात धरलेला नसतो, एवढंच. पण ते आधी पक्कं करून घ्यावं, कारण याच्यासारखीच दिसणारी दुसरी दुखणीही आहेत आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती हमखास सोबतीला येतात.

आधी निगेटिव्ह बघा

स्कॅनवरून निदान करू नका. स्कॅनर पातळ फ्रेम (कमी प्रकाश मिळाल्याने निगेटिव्हवर फिकट आलेली) आपोआप उजळवतो. मग पडद्यावर ती काळी दिसत नाही, खरखरीत आणि मातकट दिसते. बघणारा फिल्मला नाहीतर लॅबला बोल लावतो. फोनवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि निगेटिव्हची पट्टी स्क्रीनपासून दोन-तीन बोटं वर धरून बघा.

पहिली नजर फिल्मच्या कडेवर टाका. तिथलं फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच एक्स्पोज केलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती अक्षरं ठसठशीत असतील तर डेव्हलपिंग व्यवस्थित झालंय. तीच फिकट असतील तर धुण्यात गडबड आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही.

कडा ठसठशीत आणि रोलमधल्या सगळ्याच फ्रेम पातळ असतील तर मीटरवर आयएसओ चुकीचा लावलाय का ते बघा. मधूनच एखादी फ्रेम दाट, एखादी पातळ आणि अंतराशी काही ताळमेळ नाही, असं असेल तर शटर तपासायला द्या. आणि जितकं जवळ तितकं पातळ, अशी पायरी दिसत असेल तर पुढे वाचा.

प्रकाश जातो कुठे

लेन्सवरचा एफ आकडा खरा असतो तो लेन्स अनंतावर फोकस असताना. एफ ८ म्हणजे छिद्राचा व्यास फोकल लेंग्थच्या एक अष्टमांश. १२७ मिलिमीटरची लेन्स अनंतावर फोकस केली की ती फिल्मपासून १२७ मिलिमीटरवर आहे असं धरायला हरकत नाही आणि तेव्हा मीटरचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. जवळच्या वस्तूवर फोकस करायला तुम्ही बेलोज (लेन्स आणि कॅमेऱ्यामधला घड्यांचा भाता) पुढे नेता. छिद्र तेवढंच राहतं, अंतर वाढतं. बॅटरीचा झोत भिंतीपासून लांब नेला की वर्तुळ मोठं आणि फिकट होतं, तसंच इथे घडतं. लेन्स मूळ अंतराच्या दीडपट अंतरावर गेली तर फिल्मवर सव्वादोन पटीने कमी प्रकाश पडतो. दुप्पट अंतरावर गेली, म्हणजे वस्तू आणि तिची फिल्मवरची प्रतिमा एकाच मापाची झाली, तर चौपटीने कमी. म्हणजे पूर्ण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

पस्तीस मिलिमीटरच्या एसएलआरवर वाढलेल्यांना हे कधी जाणवलेलं नसतं, कारण तिथला मीटर लेन्समधून आलेला प्रकाशच मोजतो आणि घट आपोआप धरली जाते. शिवाय फिल्मच्या आकाराचाही हात आहे. दहा सेंटीमीटर रुंदीचा फुलांचा झुपका पस्तीसच्या २४ मिलिमीटर बाजूत बसवायचा तर प्रतिमा वस्तूच्या पाव पटीहून थोडी लहान होते आणि घट साधारण दोन तृतीयांश स्टॉपची असते. तोच झुपका मीडियम फॉरमॅटच्या ५६ मिलिमीटर बाजूत भरायचा म्हटला की प्रतिमा निम्म्याहून मोठी होते आणि सव्वा स्टॉप जातो. चौकट तीच, फूल तेच, दंड दुप्पट. लहान फॉरमॅटवर कमावलेला अंदाज इथे म्हणूनच फसतो.

हात, वीत, चार बोटं

पुस्तकी पद्धतीत लेन्स किती पुढे गेली ते मोजतात. ते बरोबरच आहे, पण पावसात, चिखलात, एका हातात छत्री घेऊन बेलोजला पट्टी लावणं जमत नाही. मी उलट बाजूने मोजतो: फ्रेममध्ये किती रुंदीची जागा मावतेय ते बघतो. सहा बाय सहा, सहा बाय सात आणि सहा बाय साडेचार, तिन्हींमध्ये फिल्मवरच्या चौकटीची एक बाजू साधारण ५६ मिलिमीटरची असते. (सहा बाय सातमध्ये ती आखूड बाजू, साडेचारमध्ये लांब बाजू.) फोकस झाल्यावर विषयाच्या जागी शिंप्याची टेप त्या बाजूला समांतर धरा आणि कॅमेऱ्याच्या फोकसिंगच्या काचेवर बघा, कडेपासून कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात. ५६ ला त्या आकड्याने भागा, त्यात एक मिळवा, आलेल्या संख्येचा वर्ग करा. तितक्या पटीने एक्स्पोजर वाढवायचं.

उदाहरणार्थ १४० मिलिमीटर दिसतात. ५६ भागिले १४० म्हणजे ०.४. एक मिळवून १.४. वर्ग १.९६. म्हणजे दुप्पट, एक स्टॉप.

टेपही काढायची नसेल तर जुनी मापं चोख काम करतात. फ्रेमच्या त्या बाजूत हातभर जागा दिसतेय, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटीमीटर: एक तृतीयांश स्टॉप वाढवा. वीतभर दिसतेय, साधारण २२ सेंटीमीटर: दोन तृतीयांश. चार बोटं आडवी धरल्यावर चौकट भरतेय: दीड स्टॉप, किंचित जास्तच. पावणेसहा सेंटीमीटरच्या आत गेलात की दोन स्टॉप आणि पुढे. आपली वीत एकदा घरी पट्टीवर मोजून ठेवावी, कारण प्रत्येकाची वेगळी. हाताहून मोठी जागा दिसत असेल तर निगेटिव्ह फिल्मवर काही करायची गरज नाही.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की लेन्स कुठली, ट्यूब किती लांबीची, बेलोज किती बाहेर, यातलं काहीच माहीत असावं लागत नाही. आरबी ६७ चा बेलोज पूर्ण बाहेर काढला तर लेन्स ४६ मिलिमीटर पुढे जाते. १२७ च्या लेन्सवर त्याने जवळजवळ एक स्टॉप जातो, ९० च्या लेन्सवर सव्वाच्या आसपास. १२७ वर ४५ मिलिमीटरची पहिल्या नंबरची ट्यूब चढवून बेलोज पूर्ण काढला की दीड स्टॉपच्या थोडं वर. हे सगळं पाठ करत बसण्यापेक्षा फुलाशेजारी वीत ठेवावी. फक्त टेलिफोटो बांधणीच्या आणि खूप वाइड लेन्सवर हे गणित थोडं इकडेतिकडे होतं. तिथे अर्धा स्टॉप जास्त देऊन आणखी एक फ्रेम घ्यावी.

रत्नागिरीच्या आसपासचा सडा ऑगस्टच्या अखेरीस कसा असतो ते डोळ्यापुढे आणा. कातळ भिजून काळा झालेला, खळग्यात दोन बोटं पाणी, आणि त्या पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांचा निळाजांभळा पट्टा, मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं. ट्रायपॉड पाय पसरून खाली बसवलाय, गुडघ्याखाली गोणपाट आहे. आयएसओ चारशेची फिल्म. आभाळ भरलेलं असलं तरी मोकळ्या सड्यावर मीटर एफ १६ ला साठावा भाग सेकंद दाखवतो. आता कॅमेऱ्यावर छत्री धरली, आणि ती फुलांवरही आली. लगेच एक स्टॉप गेला. म्हणून मीटर छत्री उघडल्यावर, फुलाच्या जागी, त्याचा पांढरा घुमट लेन्सकडे करून वाचायचा: एफ १६ ला तिसावा भाग. फ्रेममध्ये वीतभर पट्टा मावतोय, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप. आरबीसारख्या कॅमेऱ्यांच्या लेन्सवर शटरच्या पायऱ्या पूर्ण स्टॉपच्या असतात, म्हणून अपूर्णांक अ‍ॅपर्चरवर घ्यायचा. कडी १६ वरून ११ कडे सरकवायची आणि ११ च्या थोडी अलीकडे थांबवायची. छत्री उघडायच्या आधी मीटर वाचून, वर लेन्सची घटही न धरलेली फ्रेम पावणेदोन स्टॉपच्या आसपास अंडर येते, आणि ऑक्टोबरात दिसणाऱ्या पातळ फुलांच्या मागे बऱ्याचदा ही जोडगोळी असते.

कुणाला हे लागू नाही

हे विचारणं गरजेचं आहे, कारण नको तिथे भरपाई करून फ्रेम दाट करणारेही आहेत. पेन्टॅक्स ६७ ला मीटरचा प्रिझम लावला असेल किंवा आरबीवर मीटरवाला प्रिझम असेल तर तो लेन्समधूनच बघतो. त्याच्या आकड्यात घट आलेलीच असते. वर पुन्हा वीत मोजून वाढवू नका.

याशिका मॅट किंवा रोलायफ्लेक्ससारखे टीएलआर (एकावर एक दोन लेन्स असलेले कॅमेरे) मुळात साधारण एक मीटरच्या आत फोकसच होत नाहीत. तिथे फार तर पाव स्टॉपचा प्रश्न आहे. सोडून द्या. त्यांच्यावर जी क्लोजअप लेन्स चढवतात, म्हणजे चष्म्याच्या भिंगासारखी पुढे बसणारी, तिच्यामुळे लेन्स फिल्मपासून लांब जात नाही. म्हणून तिला भरपाई शून्य. वीत-बोटांचा नियम तिथे लावायचा नाही.

सी ३३० हा टीएलआर असूनही बेलोजवर चालतो आणि खूप जवळ जातो. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक दांडी जवळ जाताना खाली सरकत येते. ती वरच्या आणि खालच्या लेन्समधल्या फरकामुळे फ्रेमचा कुठला भाग कापला जाणार ते दाखवते आणि एक्स्पोजर किती वाढवायचं तेही. आरबीच्या अंगावर बाजूला जी रेघांची पट्टी असते तिच्यावरही अंतराबरोबर भरपाई वाचता येते. वापरलेले कॅमेरे हातोहात फिरत येतात, सोबतचं माहितीपुस्तक कधीच हरवलेलं असतं, आणि ती दांडी नि ती पट्टी कशासाठी आहे हे नव्या मालकाला कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्याकडे असेल तर वापरा.

भरपाई केली, तरी पातळ

इथे कोकणचा उजेड मध्ये येतो. रत्नागिरीतच मांडवीच्या बाजूला काळा समुद्र आहे आणि पलीकडे पांढरा समुद्र. नावं वाळूवरून पडलीत. दोन्हीकडे सारख्याच उन्हात एकच शिंपला ठेवा आणि परावर्तित प्रकाश मोजणारा मीटर, म्हणजे फोनमधला किंवा स्पॉट, वाळूकडे रोखा. काळ्या वाळूवर तो एक्स्पोजर वाढवायला सांगेल, पांढऱ्यावर कमी करायला. शिंपला मात्र तोच आहे. तारकर्लीच्या उजळ वाळूवरचे शिंपले घेताना एक-दीड स्टॉप असा जातो, त्यावर लेन्स पुढे गेल्याचा एक स्टॉप, आणि फ्रेम इतकी पातळ येते की शटर उघडलंच नाही असं वाटावं. उलट, जूनमध्ये सड्यावर उगवणारी दीपकाडी बघा. पांढरंशुभ्र फूल, मागे ओला काळा कातळ. मीटर कातळ वाचून भरपूर एक्स्पोजर देतो, लेन्समधली घट त्यात जिरून जाते आणि पाकळ्या वर कोऱ्या पडतात. ही फ्रेम बघून माणूस म्हणतो, "मला तर भरपाईची गरजच नाही." पुढच्या विषयाला तो फसतो. म्हणून क्लोजअपला घुमटवाला, पडणारा प्रकाश मोजणारा मीटर वापरावा असा माझा आग्रह आहे. आणि तो विषयाच्या जागीच धरावा. कॅमेऱ्यामागे उभं राहून धरला तर तुमची आणि लेन्सची सावली विषयावर पडतेय हे त्याला कळत नाही.

पोलरायझरही तपासा. ओल्या पानांवरची चमक मारायला तो सड्यावर आणि वाडीत फार उपयोगी, पण दीड ते दोन स्टॉप खातो आणि हातातल्या मीटरला त्याची खबर नसते. लांबच्या फ्रेमला काढलेला आणि जवळच्यांना लावलेला असा पोलरायझर असेल तर लक्षणं अगदी लेन्सच्या घटीसारखीच दिसतात.

खाऱ्या हवेत लेन्सवर बुरशी धरते, समोरच्या काचेवर मिठाचा थर बसतो. त्याने फ्रेम धुरकट होते, पातळ होत नाही. सावल्यांमध्ये राखाडी पडदा आलेला दिसेल. तो दोष साफसफाईचा आहे, तिथे स्टॉप वाढवून उपयोग नाही.

देवराईतले लांब एक्स्पोजर

सडा मोकळा असतो. देवराईत, ऐन पावसात, बुंध्यावरच्या अळिंब्या घ्यायच्या म्हटल्या की आणखी एक गोष्ट जोडली जाते. एक सेकंदाच्या पुढे बहुतेक फिल्म सुस्तावतात. वेळ दुप्पट दिली तरी परिणाम दुप्पट होत नाही. याला रेसिप्रोसिटी फेल्युअर म्हणतात. इलफर्डने आपल्या फिल्मसाठी सोपा नियम दिलाय: मीटरचे सेकंद ठरावीक घाताला चढवायचे. एफपी४ प्लससाठी घात १.२६, एचपी५ प्लससाठी १.३१. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

क्रम महत्त्वाचा. आधी लेन्सची घट, मग हा घात. समजा एफ २२ ला मीटर ४ सेकंद सांगतोय आणि अळिंबीचा झुपका ११ सेंटीमीटरच्या चौकटीत बसलाय. सव्वादोन पट म्हणजे ९ सेकंद. ९ चा १.२६ वा घात साधारण १६. एफपी४ वर १६ सेकंद द्यायचे. मीटरने सांगितले होते चार, म्हणजे फरक पूर्ण दोन स्टॉपचा. उलट्या क्रमाने केलंत तर १३ येतात आणि एक तृतीयांश स्टॉप हातचा जातो. फुजीच्या अ‍ॅक्रॉसला १२० सेकंदांपर्यंत ही दुसरी भरपाई लागत नाही, म्हणून देवराईसाठी मला ती सर्वांत निश्चिंत वाटते. लेन्सची घट तिलाही चुकत नाही.

भरपाई अ‍ॅपर्चरवर की शटरवर

अळिंबीला शटर. ती हलत नाही. फुलांना बहुधा अ‍ॅपर्चर, कारण सड्यावरचा वारा पावसाळ्यात थांबत नाही आणि सीतेच्या आसवांचा दांडा सुतासारखा असतो. अ‍ॅपर्चर उघडलं की फोकसची खोली कमी होते, तेव्हा चारशेची फिल्म घेऊनच जावं. दिवाळीनंतर किनाऱ्यावर काम करत असाल तर सकाळी मतलई वारा पडून खारा सुरू व्हायच्या मधे हवा थोडा वेळ स्तब्ध असते. तेव्हा शटरवर भरपाई करायला हरकत नाही. बारसू किंवा देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांच्या खोबणी जवळून घेताना वाऱ्याचा प्रश्नच नाही. तिथे अ‍ॅपर्चर बंदच ठेवा आणि वेळ वाढवा.

अर्धवट आकडा आला आणि फिल्म निगेटिव्ह असेल तर जास्तीच्या बाजूला झुका. निगेटिव्ह एक स्टॉप ओव्हर सहज पचवते, अंडर नाही. स्लाइड फिल्म असेल तर मात्र एक तृतीयांशाच्या आत नेम हवा. तिथे वीत बाजूला ठेवा आणि टेपनेच मोजा.

खात्री करायला एक रोल

मोसम वर्षातून एकदाच येतो आणि सहा बाय सातमध्ये एका रोलवर दहाच फ्रेम मिळतात. म्हणून ही परीक्षा गणपतीच्या आधी, घरीच उरकावी. पडवीत, ऊन थेट येणार नाही अशा जागी, वर्तमानपत्र भिंतीला लावा. पहिली फ्रेम दोन-तीन मीटरवरून, मीटर सांगेल तशी. मग कागदाचा हातभर, वीतभर आणि चार बोटं भाग भरेल अशा तीन जागांवरून प्रत्येकी दोन फ्रेम घ्या, एक भरपाईशिवाय, एक भरपाईसह. काय केलं ते कागदाच्या चिटोऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रेममध्येच चिकटवा, म्हणजे नंतर वही शोधावी लागणार नाही. चार बोटांच्या फ्रेमला ट्यूब लागेल. नसेल तर ती सोडा.

धुऊन आल्यावर स्क्रीनवर धरून बघा. भरपाईच्या फ्रेम पहिल्या फ्रेमइतक्याच दाट असतील आणि बिनभरपाईच्या पायरीपायरीने पातळ होत गेल्या असतील तर मीटर, फिल्म, कॅमेरा, लॅब सगळं ठीक आहे. भरपाईच्या फ्रेम पहिलीहून दाट आल्या तर तुमचा मीटर लेन्समधून बघतोय किंवा वीत चुकीची मोजलीय. आणि भरपाई करूनही जवळच्या फ्रेम पातळच राहिल्या, तर ट्यूब लावलेली लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा. अ‍ॅपर्चर २२ वर ठेवून शटर टी किंवा बी वर उघडा, आरपार बघत कडी एकेक आकडा उघडत न्या आणि पात्या प्रत्येक आकड्याला जागच्या हलतात का ते पहा. दमट हवेत पडून राहिलेल्या लेन्सच्या पात्या अडकतात, आणि जवळच्या कामाला नेहमी वेगळीच लेन्स वापरत असाल तर हा दोष फक्त क्लोजअपमध्येच दिसतो. तसं आढळलं तर कडी जोर लावून फिरवू नका, लेन्स दुरुस्तीला द्या.